हल्ल्यानंतर धर्मसमुदायाने काय करावे: पारलिंगी व्यक्तींच्या सुरक्षिततेविषयी एक सविस्तर उत्तर

आपला प्रश्न असा आहे: आपल्या प्रार्थनास्थळात बऱ्याच काळापासून नियमित येणाऱ्या एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रीला प्रार्थना संपल्यावर आवाराबाहेर काही तरुणांनी मारहाण केली. विश्वस्त मंडळातील काही सदस्यांना जाहीर निषेध करावासा वाटतो. इतरांचे म्हणणे असे की लिंगओळखीविषयी आपल्या धर्माची शिकवण काय आहे हे ठरल्याशिवाय काहीही बोलणे म्हणजे ती ओळख मान्य केल्यासारखे होईल. अशा वेळी समुदायाने नेमके काय करावे, आणि या भूमिकेमुळे जे सदस्य दुरावतील त्यांचे काय, असे आपण विचारले आहे. धर्मसमुदाय आणि पारलिंगी व्यक्ती यांच्यामध्ये समुपदेशक आणि संवादक म्हणून मी दीर्घकाळ काम करत आले आहे; त्या अनुभवावरून माझे उत्तर आधी थोडक्यात सांगते आणि मग विस्ताराने मांडते. हिंसेपासून संरक्षण देण्याचा निर्णय शिकवणीच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबवण्याचे कोणतेही कारण नाही. आणि धर्मसमुदायाची खरी ताकद जाहीर पत्रकापेक्षा अशा काही जागी आहे जिथे पोलिसांचा किंवा न्यायालयाचा हात सहसा पोहोचत नाही: प्रार्थनास्थळाचे दार, आईवडिलांना दिला जाणारा सल्ला आणि अंत्यविधी.

मंडळातील दुसऱ्या गटाची चिंता मी हलक्यात काढत नाही, कारण शिकवणीशी प्रामाणिक राहण्याची त्यांची इच्छा बहुधा खरी असते. परंतु त्यांनी मांडलेला क्रम, म्हणजे आधी वर्गीकरण आणि मग संरक्षण, धर्मपरंपरांच्या स्वतःच्या ग्रंथांतही तसा आढळत नाही. ज्यू परंपरेतील मिश्ना या प्राचीन धर्मनियमसंग्रहाच्या बिक्कुरीम या भागात, जिच्या शरीरात स्त्री आणि पुरुष अशी दोन्ही लक्षणे आहेत अशा व्यक्तीविषयीची चर्चा आहे. ही व्यक्ती कोणत्या बाबतीत पुरुषांसारखी, कोणत्या बाबतीत स्त्रियांसारखी, कोणत्या बाबतीत दोघांसारखी आणि कोणत्या बाबतीत दोघांहून वेगळी, हे तेथे एकेक करून मोजले आहे. आणि शेवटी असेही एक मत नोंदवले आहे की ही एक स्वतंत्रच निर्मिती असून ती पुरुष की स्त्री हे विद्वानांना ठरवता आले नाही. मात्र त्याच चर्चेत, जणू या वादाचा काही संबंधच नाही अशा स्वरात, सांगितले आहे की अशा व्यक्तीला मारणारा किंवा शाप देणारा माणूस, कोणत्याही पुरुषाला किंवा स्त्रीला मारणाऱ्याइतकाच दोषी आहे, आणि तिची हत्या करणाऱ्याला त्याच शिक्षा लागू होतात. ओळखीचा प्रश्न सुटलेला नसताना मारहाणीचा प्रश्न सुटलेला असू शकतो, हे त्या ग्रंथकारांना पुरते ठाऊक होते.

अशी आणखी उदाहरणे आहेत. बौद्ध संघाच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलक्षणे आणि एका भिक्षुणीच्या ठायी पुरुषलक्षणे प्रकट झाल्याची हकीकत येते. बुद्धांनी त्यांची उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, रद्द केली नाही, त्यांची ज्येष्ठता तशीच ठेवून त्यांना अनुक्रमे भिक्षुणीसंघात आणि भिक्षुसंघात जाण्याची अनुज्ञा दिली. इस्लामी धर्मशास्त्रात खुन्सा, म्हणजे स्त्री-पुरुष अशी दोन्ही शरीरलक्षणे असलेल्या, व्यक्तीचा वारसाहक्क, नमाजाची रांग आणि दफनविधी यांविषयी सविस्तर चर्चा झालेली आहे, म्हणजेच तिला समुदायाच्या आत गृहीत धरलेले आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ज्या षंढांना सभेत येण्यास मनाई आहे, त्यांनाच यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देवाच्या घरात स्थान आणि पुत्र व कन्या यांच्यापेक्षाही श्रेष्ठ असे नाव देण्याचे वचन आहे. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे उल्लेख प्रामुख्याने शरीरलक्षणांविषयी आहेत, आज आपण जिला पारलिंगी म्हणतो त्या ओळखीशी ते जसेच्या तसे जुळत नाहीत, आणि याच परंपरांमध्ये अशा व्यक्तींना दीक्षेपासून किंवा पदांपासून दूर ठेवणारे नियमही आहेत. त्यामुळे या ग्रंथांच्या आधारे आधुनिक प्रश्नाचा निकाल एका बैठकीत लावता येईल असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणते की हात उगारणाऱ्याला थांबवण्यासाठी तो निकाल लागत नाही.

शिकवण आणि वागणूक या दोन गोष्टी किती वेगळ्या दिशांना जाऊ शकतात, याची दोन उदाहरणे मी मंडळांसमोर नेहमी शेजारी शेजारी ठेवते. कॅथलिक चर्चने लिंगबदलाविषयीची आपली शिकवण बदललेली नाही. एप्रिल 2024 मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या घोषणापत्रात लिंगबदलाच्या वैद्यकीय हस्तक्षेपांवर स्पष्ट आक्षेप घेतलेला आहे. तरीही, ब्राझीलमधील एका बिशपांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना त्याच चर्चच्या धर्मसिद्धांतविषयक विभागाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केले की पारलिंगी व्यक्तीला इतरांप्रमाणेच बाप्तिस्मा घेता येईल, फक्त त्यातून समुदायात गैरसमज वा खळबळ उद्भवू नये. शिकवण जागच्या जागी राहिली आणि दार उघडले. याच्या उलट इराणमध्ये आयातुल्ला खोमेनी यांनी 1980च्या दशकात, मरियम खातून मोलकारा या पारलिंगी स्त्रीच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर, लिंगबदल शस्त्रक्रियेला धार्मिक मान्यता दिली; परंतु तेथील पारलिंगी व्यक्तींची कुटुंबातली, रस्त्यावरची आणि नोकरीतली अवहेलना त्या फतव्याने थांबली नाही, आणि शस्त्रक्रिया नको असलेल्यांवर ती करून घेण्याचा दबाव मात्र आला. आपल्या मंडळातील दोन्ही गटांनी हे लक्षात घ्यावे. शिकवण बदलल्याशिवाय काही करता येत नाही हे खरे नाही, आणि शिकवण बदलली की सगळे आपोआप होईल हेही खरे नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येते. हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पत्रक, ठराव आणि सभा यांच्याही आधी एक विश्वासू व्यक्ती त्या बाईंसोबत असावी. ती व्यक्ती कोण असावी हे त्या बाईंना विचारून ठरवावे. पदामुळे मान असलेला माणूस त्यांना जवळचा वाटेलच असे नाही. रुग्णालयात सोबत जाणे, तेथे नोंदणीच्या खिडकीवर त्यांना कोणत्या नावाने आणि कोणत्या कक्षात पाठवले जाते याकडे लक्ष देणे, जखमांची लेखी वैद्यकीय नोंद होईल हे पाहणे, घरी परतण्याचा रस्ता सुरक्षित आहे का हे तपासणे, ही त्या व्यक्तीची कामे. पोलिसांत तक्रार करायची की नाही हा निर्णय सर्वस्वी त्यांचा असावा. अनेक पारलिंगी व्यक्तींनी पोलीस ठाण्यातही अपमान सोसलेला असतो, त्यामुळे समुदायाने उत्साहाच्या भरात त्यांच्या वतीने तक्रार दाखल केली तर ती मदत त्यांना दुसऱ्या हल्ल्यासारखी वाटू शकते. तक्रार करायची ठरलीच तर समुदायातील वकील किंवा वजन असलेली व्यक्ती सोबत जाऊन बसली, एवढ्यानेही ठाण्यातल्या वागणुकीत मोठा फरक पडतो. त्यांचे छायाचित्र, पत्ता, पूर्वीचे नाव, वैद्यकीय माहिती यांपैकी काहीही समुदायाच्या संदेशगटांवर फिरणार नाही, याची जबाबदारी एका सदस्यावर नावानिशी सोपवावी, कारण सहानुभूतीचे संदेश पुढे पाठवतानाच ही माहिती सर्वाधिक फुटते.

पत्रक काढायचेच असेल तर त्यात काय लिहायचे नाही, हे आधी ठरवा. ‘आम्ही सर्व प्रकारच्या हिंसेचा निषेध करतो’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण ज्या व्यक्तीवर ती जी आहे म्हणून हल्ला झाला तिला त्या वाक्यात स्वतःचे अस्तित्व सापडत नाही. ‘त्यांची जीवनपद्धती आम्हाला मान्य नसली तरी’ अशी सुरुवात असलेला निषेध तर हल्लेखोरांना अर्धी संमती देऊन जातो. आमच्या समुदायातील एका पारलिंगी भगिनीवर हल्ला झाला, त्या आमच्यातल्याच आहेत, हल्ला करणाऱ्यांना आमच्या धर्मात कोणताही आधार नाही, आणि ज्यांना काही माहिती असेल त्यांनी ती पुढे येऊन द्यावी, एवढे चार मुद्दे पुरेसे आहेत. ‘भगिनी’ हा शब्द मंडळाला अडचणीचा वाटला तर वाद तेथेच होऊ द्या, कारण तो वाद अटळ आहे आणि तो बंद खोलीत झालेला बरा.

नाव आणि संबोधन यांना मी इतके महत्त्व का देते, याला कारण आहे. 28 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेतील बोस्टनमध्ये रीटा हेस्टर या पारलिंगी कृष्णवर्णीय स्त्रीची तिच्या घरात हत्या झाली, आणि त्यानंतर वृत्तपत्रांनी तिचे जुने नाव आणि पुल्लिंगी उल्लेख वापरल्यामुळे तिच्या आप्तमित्रांचे दुःख आणखी तीव्र झाले. त्या हत्येचा तपास आजवर लागलेला नाही. तिच्या स्मृतीतूनच 1999 पासून 20 नोव्हेंबर हा पारलिंगी स्मृतिदिन पाळला जाऊ लागला, आणि आज जगभरातील अनेक प्रार्थनास्थळांत त्या दिवशी वर्षभरात मारल्या गेलेल्यांची नावे मोठ्याने वाचली जातात. अशा हत्यांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाने ऑक्टोबर 2023 ते सप्टेंबर 2024 या वर्षात 350 हत्या नोंदवल्या. त्यांत पारलिंगी स्त्रियांचे प्रमाण प्रचंड आहे आणि बहुतांश हत्या लॅटिन अमेरिका व कॅरिबियन प्रदेशात झालेल्या आहेत. ज्या देशांत अशी नोंद ठेवणाऱ्या संघटनाच नाहीत तेथील मृत्यू या आकड्यात येत नाहीत. योग्य नावाचा परिणाम जिवंत माणसांवरही मोजला गेला आहे: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी या चार ठिकाणांपैकी आणखी एका ठिकाणी जरी पारलिंगी तरुणांना त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली गेली, तरी आत्महत्येच्या विचारांत 29 टक्के आणि आत्महत्येच्या प्रयत्नांसारख्या वर्तनात 56 टक्के घट दिसून आली. प्रार्थनास्थळ त्या यादीत नव्हते, पण ज्यांचे आठवड्याचे आयुष्य त्याभोवती फिरते त्यांच्यासाठी ते घराइतकेच जवळचे असते.

आपल्या पत्रात एक तपशील ओझरता आला आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या बाईंना काही महिन्यांपूर्वी स्त्रियांच्या बाजूला बसू नका असे एका स्वयंसेवकाने सर्वांदेखत सांगितले होते आणि त्यावर कोणी काही बोलले नाही, असे आपण लिहिले आहे. हल्ला करणारे तरुण त्या दिवशी तेथे होते की नाही हे मला माहीत नाही. परंतु अशा प्रसंगी गप्प राहणाऱ्या सभागृहातून तरुण मुले काय शिकतात हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ज्या व्यक्तीला मोठ्यांनी उठवले आणि कोणी अडवले नाही, तिला ढकलले तरी कोणी अडवणार नाही, असा त्यांचा हिशेब असतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. म्हणून बाहेरच्या हल्ल्याचा निषेध करताना आतल्या वागणुकीची चौकशी झाली पाहिजे. दारावर कोण उभे असते, त्यांना काय सांगितलेले असते, स्त्री-पुरुषांची बैठक वेगळी असेल तर पारलिंगी सदस्याने कोठे बसायचे हे कोण ठरवते, स्वच्छतागृहाचे काय, सदस्यनोंदणीच्या वहीत नाव बदलून मिळते का, कुजबुज आणि टोमणे यांची तक्रार कोणाकडे करायची, हे सगळे प्रश्न किरकोळ वाटतात, परंतु माणसे याच प्रश्नांपायी समुदाय सोडतात. अमेरिकेत 2015 मध्ये 27,715 पारलिंगी व्यक्तींचे जे मोठे सर्वेक्षण झाले त्यात, कधी ना कधी एखाद्या धर्मसमुदायात असलेल्यांपैकी 19 टक्के व्यक्तींनी नाकारले गेल्यामुळे तो समुदाय सोडल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी 42 टक्के व्यक्तींना पुढे आपल्याला स्वीकारणारा दुसरा समुदाय मिळाला. म्हणजे श्रद्धा सोडून जाणारे दिसतात त्यापेक्षा कमी असतात. अनेकजण ती सोबत घेऊन दुसरे दार शोधत असतात.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा मुद्दा या चर्चेत हमखास येतो आणि तो मांडणाऱ्या स्त्रियांना झिडकारून चालणार नाही. माझा सल्ला असा की नियम वर्तनाचा असावा, शरीराचा नसावा: कोणीही, कोणत्याही कक्षात, कोणाला त्रास दिला तर काय कारवाई होईल हे लिहून लावावे, आणि आतून कडी लागणारे किमान एक स्वतंत्र स्वच्छतागृह सर्वांसाठी खुले ठेवावे. अशी व्यवस्था झाली की या विषयावरचा बराचसा ताण निवळतो, हा माझा अनुभव आहे.

आता ज्या जागी धर्मगुरूंचा शब्द सर्वांत जड पडतो तिच्याकडे वळते. पारलिंगी व्यक्तींवरील हिंसेची सुरुवात पुष्कळदा रस्त्यावर होत नाही, ती घरात होते, आणि घरातील हिंसा सुरू होण्याच्या आधी किंवा थोड्या नंतर आईवडील कोणाकडे तरी सल्ला मागायला जातात. ते डॉक्टरांकडे उशिरा जातात, समुपदेशकाकडे त्याहून उशिरा. धर्मगुरूंकडे मात्र लवकर येतात. प्रवचन संपल्यावर गर्दी पांगेपर्यंत थांबलेली आई, पदर सावरत, आवाज खाली आणून विचारते, “आमचं काय चुकलं? काही उपाय आहे का?” या क्षणी जे उत्तर दिले जाते त्यावर त्या मुलाचे किंवा मुलीचे पुढचे आयुष्य ठरते असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. ‘कडक वागा, वेळीच आवर घाला’ असे उत्तर मिळाले तर घरी जाऊन केलेल्या मारहाणीला धर्माचा शिक्का मिळतो. वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणात, घरच्यांना आपली ओळख सांगितलेल्यांपैकी 10 टक्के व्यक्तींनी कुटुंबातील कोणीतरी आपल्याशी हिंसकपणे वागल्याचे आणि 8 टक्के व्यक्तींनी आपल्याला घराबाहेर काढल्याचे सांगितले होते. ज्याला घर नाही त्याला शिक्षण पुरे करता येत नाही, शिक्षण नाही त्याला काम मिळत नाही, आणि मग जे मार्ग उरतात तेच त्याला सर्वाधिक हिंसेच्या तोंडी देतात.

धर्मगुरूंना मी यासाठी एक साधी रीत सांगते. प्रथम आईवडिलांना बोलू द्यावे, त्यांच्या भीतीला आणि लोकलज्जेला नावे ठेवू नयेत. मग ठामपणे चार गोष्टी सांगाव्यात: मुलाला मारू नका, घराबाहेर काढू नका, शिक्षण थांबवू नका, आणि सगळे सुरळीत होईल या आशेने घाईने लग्न ठरवू नका. त्यासोबत हेही सांगावे की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात पारलिंगी असणे हा मानसिक आजार मानलेला नाही. यातल्या एकाही वाक्यासाठी धर्मगुरूंना लिंगओळखीविषयी स्वतःचे मत बदलावे लागत नाही. अनेक परंपरावादी धर्मगुरूंनी हे चार शब्द मनापासून उच्चारल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यांच्या तोंडून आल्यामुळेच ते घरात पाळले गेले. उलट, एखादा किशोर स्वतःहून धर्मगुरूंकडे आला आणि त्याने विश्वासाने काही सांगितले, तर त्याच्या संमतीशिवाय ते आईवडिलांच्या कानावर घालू नये. त्याच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर आधी घरात सुरक्षित असे मोठे माणूस कोण आहे हे त्यालाच विचारावे.

‘उपाय’ म्हणून केल्या जाणाऱ्या विधींविषयी माझे मत कठोर आहे. उपास, कोंडून ठेवणे, झाडफूक, सामूहिक प्रार्थनेच्या नावाखाली तासन्‌तास केलेला दबाव, यांना धर्मसेवा म्हणू नये. 2015च्या त्याच सर्वेक्षणाच्या माहितीवर आधारित आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ज्यांची लिंगओळख बदलण्याचा प्रयत्न झाला त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले, आणि वयाच्या दहा वर्षांच्या आत असे प्रयत्न झालेल्यांमध्ये ते आणखी जास्त होते. डिसेंबर 2020 मध्ये विविध धर्मांच्या 370हून अधिक नेत्यांनी, त्यांत दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टूटूही होते, एका जागतिक घोषणापत्रावर सह्या करून अशा उपचारांवर बंदीची मागणी केली आणि धार्मिक शिकवणीमुळे ज्यांना दुखापत झाली त्यांची क्षमाही मागितली. आपल्या मंडळाने निदान एवढा नियम करावा की समुदायाच्या आवारात आणि समुदायाच्या नावाने असा कोणताही विधी होणार नाही.

अंत्यविधीचा विषय बैठकीत कोणी आपणहून काढत नाही, म्हणून मीच काढते. पारलिंगी व्यक्तींशी मोकळेपणाने बोलताना, मरणापेक्षा मरणानंतरच्या वागणुकीची धास्ती मी अधिक वेळा ऐकली आहे. अनेक वर्षे संबंध तोडलेले नातेवाईक येतात, मृतदेह ताब्यात घेतात, वाढवलेले केस कापतात, साडी उतरवून पुरुषाचे कपडे चढवतात, जुन्या नावाने विधी करतात, आणि ज्यांनी आजारपणात उशापायथ्याशी बसून सेवा केली त्या मैत्रिणींना मागच्या रांगेतही उभे राहू देत नाहीत. काही ठिकाणी तर दफनाला जागाच नाकारली जाते. बांगलादेशातील मयमनसिंह येथे 2024 मध्ये हिजडा समुदायाने स्वतःची मशीद बांधली तेव्हा तिच्याशेजारी दफनभूमीही ठेवली. आदल्या वर्षी एका तरुण हिजडा स्त्रीचे दफन आपल्या जागेत करण्यास एका स्थानिक मशिदीने नकार दिला होता.

एका शोकसभेच्या तयारीच्या बैठकीला मी हजर होते. कार्यक्रमपत्रिकेवर कोणते नाव छापायचे यावर मृत व्यक्तीचे भाऊ आणि तिच्या मैत्रिणी यांच्यात बराच वेळ वाद झाला. धर्मगुरूंनी दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले आणि भावांना एवढेच विचारले, “शेवटची हाक त्यांना कोणी मारली होती, आणि कोणत्या नावाने?” भाऊ गप्प झाले, कारण ती हाक मैत्रिणीने मारलेली होती. पत्रिकेवर तिने निवडलेले नाव आले आणि भावांनी प्रार्थनेत तिचा उल्लेख आपले भावंड असा केला. या तोडग्यावर कोणीही पूर्ण समाधानी नव्हते, पण कोणी उठूनही गेले नाही. असा प्रसंग येण्याआधीच तयारी करता येते: प्रत्येक सदस्याने, तो पारलिंगी असो वा नसो, आपल्या अंत्यविधीविषयीची इच्छा लिहून समुदायाकडे ठेवावी, तिच्यात नाव, पोशाख, देहाला स्नान कोणी घालावे आणि पुढे कोणी बसावे हे नमूद असावे. सर्वांसाठी एकच पद्धत ठेवली की कोणाकडे बोट दाखवले जात नाही, आणि वेळ आल्यावर धर्मगुरूंच्या हातात एक कागद असतो. त्या कागदाचे कायदेशीर वजन आपल्याकडे किती आहे हे वकिलांकडून तपासून घ्यावे.

निवारा आणि उपजीविका यांविषयी थोडेच सांगते, कारण येथे काय करावे हे स्पष्ट असते, अडचण फक्त इच्छेची असते. अर्जेंटिनातील नेउकेन येथे मोनिका अस्तोर्गा या कॅथलिक चर्चच्या कार्मेलाइट संघातील संन्यासिनीने दीर्घकाळ पारलिंगी स्त्रियांसोबत काम करून, शासनाच्या मदतीने, 2020 मध्ये त्यांच्यासाठी बारा छोट्या घरांची इमारत उभी करून घेतली. रोमजवळच्या तोर्वायानिका येथील पाद्री आंद्रेआ कोनोक्किया यांनी कोविड महासाथीच्या काळात, टाळेबंदीमुळे उपासमार होत असलेल्या पारलिंगी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना चर्चचे दार उघडले आणि त्यांची गाऱ्हाणी व्हॅटिकनपर्यंत पोहोचवली. दोघेही आपल्या चर्चच्या चौकटीत राहूनच हे करत होते. आपल्या समुदायाकडे रिकामी खोली, शिष्यवृत्तीचा निधी किंवा नोकरी देऊ शकणारे सदस्य असतील तर सुरुवात तेथून करा, आणि मदत घेणाऱ्या व्यक्तीला व्यासपीठावर उभे करून आभार मानायला लावू नका.

पारलिंगी व्यक्तींसाठी वेगळी जागा करून द्यावी का, असाही प्रश्न आपल्या मंडळात निघाला आहे. जगात अशा जागा आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे: इंडोनेशियातील योग्यकार्ता येथे 2008 मध्ये वारिया (तेथील पारलिंगी स्त्रिया) व्यक्तींसाठी सुरू झालेली इस्लामी धर्मशिक्षणाची निवासी शाळा, जिथे पुरुषांच्या की स्त्रियांच्या वेशात प्रार्थना करायची हे प्रत्येकजण स्वतः ठरवतो, ढाक्यात 2020 मध्ये सुरू झालेला मदरसा, भारतात 2015 मध्ये लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला आणि 2019 च्या प्रयागराज कुंभात ‘जुना आखाडा’ या साधूंच्या आखाड्यासोबत शाहीस्नानाला उतरलेला किन्नर आखाडा. पण यांतल्या बहुतेक जागा त्या त्या व्यक्तींनी स्वतः घडवल्या किंवा स्वतः मागितल्या. इतरांनी आपली गैरसोय टाळण्यासाठी नेमून दिलेली वेगळी खोली ही त्याच वागणुकीची सौम्य आवृत्ती असते, आणि ती स्वीकारण्याचा दबाव त्या बाईंवर येऊ देऊ नये. योग्यकार्त्याच्या त्या शाळेला 2016 मध्ये कट्टर गटाच्या धमक्यांमुळे काही काळ बंद व्हावे लागले, हेही लक्षात असू द्या. वेगळी जागा आपोआप सुरक्षित होत नाही; तिच्या पाठीशी मोठा समुदाय उभा असला तरच ती टिकते.

राहिला प्रश्न दुरावणाऱ्या सदस्यांचा. काही कुटुंबे जातील, हे मी आपल्यापासून लपवत नाही. ज्यांना शंका आहेत त्यांच्यासाठी अभ्यासवर्ग ठेवा, ग्रंथ उघडून बोला, इंग्लंडच्या चर्चने 2017 मध्ये आपल्या महासभेत या विषयावर उघडपणे चर्चा करून पारलिंगी व्यक्तींचे स्वागत करण्याचा ठराव मतदानाने संमत केला, तशी चर्चा करायला घाबरू नका, आणि मतभेद असलेल्यांना धर्मविरोधी किंवा मागास असे शिक्के मारू नका. अभ्यासवर्गात त्या बाईंना उदाहरण म्हणून बसवू नका. त्या स्वतः यायचे म्हणाल्या तर गोष्ट वेगळी. मात्र संवादाला मुदत नसली तरी सुरक्षिततेच्या नियमांना मुदत असावी: मतभेद असलेल्या सदस्यांना शिकवणीवर वाद घालण्याचा पूर्ण हक्क आहे, पण बसलेल्या माणसाला उठवण्याचा, चुकीच्या नावाने मुद्दाम हाक मारण्याचा किंवा धमकावण्याचा हक्क नाही, हे पुढच्या बैठकीतच ठरावात लिहावे. निघून जाणाऱ्या कुटुंबांना निरोप देताना परत येण्याचे दार उघडे असल्याचे सांगावे; मी पाहिलेल्या काही समुदायांत ती परत आलीही आहेत, बहुधा त्यांच्या स्वतःच्या घरात असा प्रसंग उद्भवल्यावर. आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवण्याआधी त्या बाईंना विचारा की त्यांना बैठकीला यायचे आहे का, सोबत कोणी हवे आहे का, की त्यांच्या वतीने कोणी बोलावे असे त्यांना वाटते.